गावात कचऱ्याची एकच गाडी असावी का? एका नगरसेविकेच्या प्रश्नाला उत्तर

ताई, वाचणाऱ्या इतरांना संदर्भ लागावा म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात सांगतो. यवतमाळ जिल्ह्यातलं तुमचं तालुक्याचं गाव, साधारण ३२०० घरं. ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत आली, पण कचऱ्याची व्यवस्था जुनीच राहिली. नवीन लेआउटमध्ये तिघेजण आपापल्या मालवाहू ऑटोने कचरा नेतात आणि घरामागे महिन्याला ६० ते १०० रुपये घेतात. जुनं गावठाण, बाजारामागच्या गल्ल्या, तांडा आणि घरकुलांची वस्ती यांचा कचरा नाल्यात जातो, नाहीतर सकाळी काडी लावून पेटवला जातो. आता मुख्याधिकाऱ्यांनी प्रस्ताव ठेवला आहे की अख्ख्या गावाला एकच कंत्राट द्यायचं आणि घरामागे महिना ५० रुपये घरटॅक्सासोबत वसूल करायचे. लेआउटवाले म्हणतात, आमचं बरं चाललंय. ऑटोवाले म्हणतात, आमच्या पोटावर पाय देता. शेतकरी म्हणतात, "आमच्या घरी कचरा निंगतच नाही, तं पैसे कायचे?" तुम्ही विचारता, सभेत हात वर करू की नको.

करा. पण प्रस्ताव आज आहे तसा मंजूर करू नका.

मी वऱ्हाडातल्या छोट्या नगर परिषदांमध्ये स्वच्छता निरीक्षक म्हणून नोकरी केली आणि आता गावांना याच कामात मदत करतो. गाडी आली की नारळ फुटतो, फीत कापली जाते, फोटो निघतात, आणि दिवाळीपर्यंत तीच गाडी नगरपंचायतीच्या आवारात पंक्चर होऊन उभी दिसते. असं का होतं, ते पुढे येईलच.

आधी ऑटोवाल्यांचं बघू. ती पोरं काही वाईट काम करत नाहीत. रस्ता चांगला, घरं जवळजवळ, नोकरदार माणसं, पहिल्या तारखेला पैसे हातात, म्हणून ते तिथे जातात. तांड्यावर जाऊन त्यांनी काय कमवावं? तीन ऑटो एकाच लेआउटच्या एकाच गल्लीत आपापल्या गिऱ्हाइकांसाठी फिरतात, तिघांचंही डिझेल जळतं, आणि अर्ध्या गावाच्या वाट्याला एकही येत नाही. त्यांना एकदा सहज विचारा की भरलेला ऑटो खाली कुठे करता. गावाबाहेरचा नाला किंवा बंद पडलेली मुरुमाची खदान, याशिवाय तिसरं उत्तर मी क्वचितच ऐकलं आहे. म्हणजे लेआउटवाले जे पैसे देतात, त्यात त्यांचा कचरा त्यांच्या दारापासून फक्त दूर होतो.

नाली तुंबते ती मात्र ज्या घरांशी कुणाचाच व्यवहार नाही त्यांच्या कचऱ्याने. पावसाळ्यात तिथे पाणी साचतं, डास होतात, आणि डेंग्यूचा डास लेआउटच्या गेटवर थांबत नाही. त्यामुळे कचरा उचलणं हा दुकानदारीचा व्यवहार मानला, म्हणजे पैसे दिले त्याचा उचला आणि नाही दिले त्याचा राहू द्या, तर गाव कधीच स्वच्छ होत नाही. जो पैसे देऊ शकत नाही त्याचाही कचरा रोज उचलला गेला, तरच पैसे देणाऱ्याचा फायदा. एकच व्यवस्था हवी असं मी म्हणतो ते याचसाठी. दिवाबत्तीसारखी ती सगळ्यांची असावी आणि मुख्यतः करातून चालावी.

हा वाद फक्त आपल्याकडचा आहे असं समजू नका. अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या सेंट पॉल शहरात २०१८ पर्यंत प्रत्येक घर आपला कचरेवाला स्वतः निवडायचं आणि एकाच गल्लीत आठवड्याला वेगवेगळ्या कंपन्यांचे ट्रक फिरायचे. ऑक्टोबर २०१८ पासून शहराने एकच व्यवस्था लावली. विरोध एवढा पेटला की प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, नोव्हेंबर २०१९ मध्ये मतदान झालं आणि लोकांनी नवी व्यवस्था राखली. मला त्यातल्या तक्रारी मोलाच्या वाटल्या. पूर्वी शेजारी-शेजारी मिळून एक डबा वापरायचे, ते बंद झालं. ज्यांच्या घरी कचरा फारच कमी निघायचा, ते विचारत होते की आम्ही पूर्ण पैसे का द्यायचे. तुमचा शेतकरी विचारतो तोच हा प्रश्न. शिवाय तिथे जुन्या कचरेवाल्यांना हाकलून दिलं नाही. त्यांनी आपसात संघ केला आणि शहराने त्या संघाशी करार केला. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता शेतकऱ्याचं म्हणणं. ते उडवून लावू नका, कारण त्यात बरंच तथ्य आहे. ज्याच्या गोठ्यात चार जनावरं आहेत त्याच्याकडे भाजीची देठं, शिळी भाकर, फळांची सालं गाडीपर्यंत पोचतच नाहीत. उरलेलं उकिरड्यावर जातं आणि उन्हाळ्यात बंडीतून शेतात. पऱ्हाट्या-तुराट्या चुलीत जातात. शहरी भागासाठीच्या केंद्रीय मार्गदर्शिकेत दोन लाखांखालच्या गावांना माणशी रोज २०० ते ३०० ग्रॅम कचरा धरायला सांगितलं आहे. तुमची लोकसंख्या १४,००० धरली तर तो रोज जवळजवळ ३ ते ४ टन होतो. सल्लागार हाच आकडा घेऊन गाड्यांची संख्या काढतात. जुन्या गावठाणात त्याच्या निम्माही कचरा दारात येत नाही, कारण बकऱ्या आणि गाई आधीच आपला वाटा घेऊन मोकळ्या होतात. म्हणून प्रस्तावातल्या टनांवर विश्वास ठेवू नका. कापूस जिनिंगमध्ये वजनकाटा असतो. आठ दिवस दोन वॉर्डांचा कचरा खरोखर गोळा करून तिथे तोलून घ्या. हिवाळ्यात अंगण झाडलेली माती त्यात किती येते तेही दिसेल. मी पाहिलेल्या गावांत वजन वाढवणारी गोष्ट बऱ्याचदा मातीच निघाली आहे.

पण "कचरा निंगतच नाही" हेही पूर्ण खरं नाही. त्याच शेतकऱ्याच्या घरी खर्ऱ्याच्या पन्न्या, कुरकुऱ्यांची पाकिटं, शाम्पूच्या पुड्या, दुधाच्या पिशव्या, मोडक्या चपला, लहान लेकराचे डायपर, सॅनिटरी पॅड आणि फवारणीचे रिकामे डबे निघतातच. उकिरड्यात टाकलेली पन्नी शेणखताबरोबर शेतात जाते आणि दरवर्षी थोडी थोडी साठत राहते. धुऱ्यावर उभं राहून नांगरटीनंतरचं शेत बघा, म्हणजे सांगायची गरज राहत नाही. तेव्हा त्याला असं सांगा: भाऊ, तुमचा ओला कचरा आम्हाला नकोच. तो उकिरड्यातच जाऊ द्या, ते तुमचं धन आहे. आम्हाला फक्त सुका कचरा द्या, तोही आठवड्यातून दोनदा.

त्यावरून शुल्क ठरतं. जनावरं असलेल्या घरांना वेगळी सूट द्यावी असं सभेत कुणीतरी नक्की म्हणेल. ऐकायला बरं वाटतं, पण कोणाच्या गोठ्यात किती जनावरं हे तपासायला माणूस ठेवावा लागतो, आणि दुसऱ्या महिन्यात गावभर गोठे उगवतात. त्यापेक्षा करआकारणीच्या नोंदवहीत घराचं क्षेत्रफळ आणि बांधकामाचा प्रकार आधीच आहे, त्यावरून तीन पायऱ्या करा. मातीचं किंवा घरकुलाचं घर १५-२० रुपये, मधलं घर ४०, मोठं घर ८०. तपासणीचा खर्च शून्य, आणि शेतकऱ्याची मूळ तक्रारही बरीचशी मिटते. खरी वसुली दुकानं, हॉटेलं, चिकन-मटणवाले आणि मंगल कार्यालयांकडून करा. मंगल कार्यालयाचं गणित निराळं असतं. २०१६ च्या घनकचरा नियमांत रोज सरासरी १०० किलोपेक्षा जास्त कचरा करणारा तो मोठा निर्माता, अशी व्याख्या होती. लग्नाच्या दिवशी द्रोण, पत्रावळी, पाण्याचे पाऊच आणि उष्टं मिळून ढीगच्या ढीग निघतो, पण वर्षाची सरासरी काढली की मालक सुटतो. म्हणून तिथे महिन्याचं शुल्क ठेवू नका, प्रत्येक कार्यामागे ठेवा आणि बुकिंगच्या वेळीच घ्या.

आता ज्यासाठी मी "आहे तसा नको" म्हणालो ते. प्रस्तावात गाड्या किती, मजूर किती, दर किती हे सगळं आहे, पण गाडी खाली कुठे होणार याला एकच ओळ दिली आहे: "नियोजित जागेवर". ही जागा आज हातात आहे का? बहुतेक गावांत ती ई-क्लास म्हणजे सरकारी गायरान जमिनीवर दाखवलेली असते, मोजणी झालेली नसते, कागद जिल्हाधिकारी कार्यालयात अडकलेला असतो, आणि शेजारच्या ग्रामपंचायतीने विरोधाचा ठरावही घेतलेला असतो. भूभरावासाठी, म्हणजे उरलेला कचरा जमिनीत पुरण्याच्या जागेसाठी, २०१६ च्या नियमांत अंतरं दिली होती: नदीपासून १०० मीटर, तलाव, वस्ती, महामार्ग आणि पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून २०० मीटर. खत करण्याची जागा निवडतानाही मी हीच अंतरं धरतो. जागा नसताना गाडी सुरू केली तर नाल्यातला विखुरलेला कचरा फक्त एका ठिकाणी ढीग होऊन पडतो. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला की त्या ढिगाला आपोआप किंवा कुणाच्या बिडीने आग लागते आणि आठवडाभर धूर निघत राहतो. एकदा तो धूर गावावर आला की लोक गाडीलाच शिव्या घालतात.

जागा मिळाल्यावर तिथे काय करायचं? ओल्या कचऱ्याचं खत, हे उत्तर सगळ्यांना पाठ आहे. तुमच्या जिल्ह्यातल्याच पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांनी, म्हणजे नाडेपकाकांनी, विटांचं जाळीदार टाकं दिलं आणि ते देशभर गेलं. १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच. शेतकऱ्यासाठी उत्तम. पण प्रस्तावात नगरपंचायतीसाठी दहा नाडेप टाकी लिहिली आहेत, तिथे हिशेब करा. रोज एक टन ओला कचरा म्हणजे ढोबळमानाने दोन घनमीटर. टाकं पाच घनमीटरचं, म्हणजे अडीच दिवसांत भरलं. त्यातलं खत तयार व्हायला साडेतीन-चार महिने लागतात. तोवर रोजचा कचरा येतच राहणार, म्हणजे चाळीस-पन्नास टाकी लागतील. दहा टाकी पहिल्या महिन्यातच भरतात आणि अकराव्याच्या जागी पुन्हा उघडा ढीग सुरू होतो. या प्रमाणात लांब ढीग लावून, आठवड्याला पलटवून, शेण-पाणी मारून खत करणं सोपं आणि स्वस्त पडतं. खाली सिमेंटचा ओटा आणि वर पत्र्याचं शेड मात्र पाहिजेच. आपल्या काळ्या मातीत खड्डा खणून खत करायला गेलात तर जुलैत तो खड्डा विहिरीसारखा भरतो. ओट्यापर्यंतचा रस्ताही खडीचा करून घ्या, नाहीतर पहिल्याच झडीत गाडी रुतून बसते, मग ट्रॅक्टरने ओढायची.

खत तपासणीत उतरलं तर शहरी संस्थांना ते राज्याच्या "हरित महासिटी कंपोस्ट" या नावाने विकता येतं. विक्रीतून फार पैसे येतील या भ्रमात राहू नका. पण शेतकऱ्याला ते पन्नीमुक्त मिळालं तर तो स्वतः बंडी घेऊन येतो, आणि गाडीला होणारा त्याचा विरोधही तिथेच मावळतो. पन्नीमुक्त खत कचरा घरातच वेगळा झाला तरच निघतं. ढिगावरून पन्न्या वेचून ते जमत नाही.

सुक्या कचऱ्यात पुठ्ठा, लोखंड, बाटल्या आणि जाड प्लास्टिक भंगारवाला आनंदाने घेतो. त्याला शत्रू मानू नका. जागेवर त्यालाच बोलवा आणि दर ठरवून घ्या. उरतात ती चमकदार पाकिटं आणि पातळ पन्न्या, ज्यांना कोणी हात लावत नाही. त्यांना सिमेंटची भट्टी हा एक मार्ग आहे, आणि आपल्या विदर्भात गडचांदूर, आवारपूर, घुग्घुस इथे सिमेंटचे कारखाने आहेत. पण एका नगरपंचायतीचा दोन-चार क्विंटल माल तिकडे नेणं परवडत नाही. जिल्ह्यातल्या चार-पाच नगरपंचायतींनी मिळून गठ्ठे बांधून ट्रकभर माल झाल्यावर पाठवावा लागतो. हे जिल्हा स्तरावर नगरपालिका प्रशासनाकडे लावून धरा. एकट्याने होणार नाही.

फवारणीच्या डब्यांचं वेगळं सांगतो, कारण आपल्या जिल्ह्याने २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने माणसं गमावली आहेत. हे डबे घंटागाडीत घेऊच नका. गाडीवरचा माणूस ते हाताने उचलतो, कधी त्यांचं झाकण उघडं असतं, आणि भंगारात गेले तर कुणाच्या तरी घरी पाणी भरायला परत येतात. कृषी केंद्रवाल्यांनी तीनदा धुऊन भोक पाडलेले डबे परत घ्यावेत, यासाठी तालुका कृषी अधिकाऱ्यांबरोबर बैठक लावा. खरीप संपताना दोन दिवसांची मोहीम ठेवली तरी बरंच जमतं.

वेळापत्रकाकडे कुणी लक्ष देत नाही, आणि योजना बुडते ती इथेच. कंत्राटदाराला आठ ते दोन सोयीचं असतं. पण कापूस वेचणीच्या दिवसांत घरकुलांच्या वस्तीतल्या बाया सकाळीच डबा घेऊन शेतात निघतात. दहा वाजता गाडी आली तर दारांना कुलपं. संध्याकाळी त्या परत येतात, घरात साचलेल्या कचऱ्याचा वास सुटलेला असतो, तो नालीत जातो. मग आपण म्हणतो, या वस्तीला शिस्त नाही. गाडी मजुरांच्या वस्तीत आधी, साडेसहा ते आठमध्ये पाठवा आणि लेआउटमध्ये नंतर. तिथे कुणीतरी घरी असतंच. ज्या वॉर्डात नळ दिवसाआड येतात तिथे नळाच्या दिवशी जा, त्या दिवशी घरात माणूस हमखास असतो. बाजाराच्या दिवशी संध्याकाळी भाजीबाजारात ट्रॅक्टर लागतोच, तो घंटागाडीच्या हिशेबात मोजू नका. आणि चुलीची राख वेगळ्या टोपल्यात घ्यायला सांगा. गरम राखेने गाडीतला कचरा पेटतो, ही कल्पना नाही, होतं असं.

एक गाडी किती घरं करू शकते? थांबणं-चालणं धरून घरामागे सरासरी १५ सेकंद लागले तर तासाला २४० घरं. ३२०० घरं तीन गाड्यांत वाटली तर प्रत्येकी १०७० च्या आसपास, म्हणजे साडेचार तास, शिवाय खाली करायला दोन-तीन खेपा. जमतं, पण ताणून. जुन्या गावठाणाच्या अरुंद बोळांसाठी हातगाडी किंवा ई-रिक्षा लागेल, हे प्रस्तावात नाही.

आता पैसे. पुढचे आकडे फक्त समजुतीसाठी आहेत, तुमच्याकडची किमान वेतनाची आणि डिझेलची रक्कम घालून पुन्हा मांडा. एका गाडीचा चालक १६,०००, दोन मदतनीस २८,०००, डिझेल १०,०००, टायर-दुरुस्ती-विमा ६,०००. झाले ६०,०००, तीन गाड्यांचे १,८०,०००. खताच्या जागेवर सहा माणसं ८४,०००. बाजाराचा ट्रॅक्टर ४०,०००. देखरेख, हातमोजे, गमबूट, किरकोळ २०,०००. आठ वर्षांनी नवी गाडी घ्यायची म्हणून बाजूला २८,०००. एकूण ३,५२,००० रुपये महिना, म्हणजे घरामागे ११० रुपये. ५० रुपये शुल्क लावलं आणि सगळ्या घरांनी दिलं तर १,६०,०००. पण सगळी घरं देणार नाहीत. पहिल्या वर्षी साठ टक्के धरा, हातात येतील ९६,०००. महिन्याला अडीच लाखांचा खड्डा राहतो, वर्षाला तीस लाखांचा. मी वर सुचवलेल्या पायऱ्यांनी घरांकडून फार जास्त येणार नाही, पण दुकानं आणि मंगल कार्यालयं धरली की फरक पडतो.

हा खड्डा कोण भरणार, हा प्रश्न सभेत मुख्याधिकाऱ्यांना विचारा आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या. "अनुदानातून" हे अर्धं उत्तर आहे. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ च्या काळात बंधित निधीचा, म्हणजे ठरावीक कामांवरच खर्चता येणाऱ्या पैशांचा, एक भाग स्वच्छतेसाठी राखलेला होता, त्यातून अनेक ठिकाणी गाड्या आल्या. गाडीला पैसे मिळणं कधीच फार अवघड नसतं. मार्च महिन्यातलं डिझेल आणि मजुरी अवघड असते. तुमच्या शेजारच्या ग्रामपंचायतींची अवस्था आणखी बारीक. स्वच्छ भारत ग्रामीणच्या दुसऱ्या टप्प्यात पाच हजारांपर्यंतच्या गावाला घनकचऱ्यासाठी माणशी ६० रुपये आणि त्यावरच्या गावाला ४५ रुपये ठरले होते. तीन हजार वस्तीच्या गावाला एकदाच १ लाख ८० हजार. त्यात शेड होतं, रोजची गाडी चालत नाही. म्हणून त्यांच्या हद्दीतल्या, पण तुमच्या गावाला चिकटलेल्या लेआउटचा कचरा तुमच्याच नाल्यात येतो. त्या ग्रामपंचायतींना पैसे घेऊन तुमच्या व्यवस्थेत घ्या. तुमच्या गाड्यांनाही पुरेसं काम मिळेल.

कंत्राटात काय बघायचं? टनावर पैसे देऊ नका. टनावर दिले की मलबा, नालीतला गाळ आणि पाणी मारलेला कचरा काट्यावर येतो. घरसंख्येवरही नको, कारण कागदावर सगळीच घरं पूर्ण होतात. गाडीचा दिवस आणि ठरलेला मार्ग यावर पैसे द्या, सुटलेल्या प्रत्येक गल्लीमागे कपात ठेवा, आणि बिलाचा पाचवा हिस्सा कचरा वेगळा येतो की नाही यावर अडवून धरा. गाडीत दोन कप्पे आहेत पण खाली करताना सगळं एकत्र, हे प्रकार भरपूर. लोकांना ते दिसतं, आणि मग ते घरात वेगळं करणं सोडतात. रोख पैसे गाडीवरच्या माणसाने घेऊ नयेत ही अट लिहाच. मुदत तीन वर्षांची असावी. अकरा महिन्यांच्या कंत्राटात कुणी चांगली गाडी आणत नाही. माझं मत विचाराल तर गाड्या नगरपंचायतीच्या मालकीच्या ठेवा आणि चालवायला द्या. कंत्राटदार पळाला तरी दुसऱ्या दिवशी गाडी तुमच्या आवारात असते.

तिघा ऑटोवाल्यांना इथे जागा आहे. त्यांना गल्ल्या माहीत आहेत, लोक माहीत आहेत. सेंट पॉलमध्ये जुन्या कचरेवाल्यांना सोबत घेतलं तसं निविदेत लिहा की आज काम करणाऱ्या स्थानिकांना चालक म्हणून प्राधान्य, किंवा त्यांचा ऑटो तपासणी करून बोळांसाठी भाड्याने. महिलांच्या बचत गटाला वर्गीकरणाचं आणि खताचं काम देता येतं, पण मजुरी किमान वेतनाखाली नको. "बचत गट आहे, समजून घेतील" हा भाव मला अजिबात पटत नाही. भविष्य निर्वाह निधी, हातमोजे, गमबूट, धनुर्वाताची सुई आणि हात धुवायला पाणी, हे सगळं दर ठरवतानाच धरा. आणि हे काम गावातल्या एकाच वस्तीतल्या लोकांनी करायचं, ही जुनी सवय नव्या गाडीवर चढवू नका. चालकाच्या जाहिरातीला सगळ्या वॉर्डांतून अर्ज मागवा.

ओला, सुका, सॅनिटरी आणि घातक असं वेगळं करायला लोक तयार होतील का, असंही तुम्ही विचारलंत. पहिल्या दिवसापासून चार डबे मागू नका. ओला एकीकडे, बाकी सुका दुसरीकडे, आणि पॅड-डायपर कागदात गुंडाळून वर लाल खूण. एवढं सहा महिने टिकलं तर पुढचं बोलू. उघड्यावर कचरा जाळण्याबद्दल राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्ये साध्या जाळण्याला ५,००० आणि मोठ्या ढिगाला २५,००० रुपये दंड ठरवला होता. पण मजुराच्या बाईला पाच हजारांची पावती फाडणं शक्यही नाही आणि योग्यही नाही. गाडी नियमित आली की जाळणं बरंच कमी होतं. दंडाचं पुस्तक हॉटेल आणि मंगल कार्यालयांसाठी ठेवा.

तुमच्या ठरावाला माझ्या मते तीन दुरुस्त्या पाहिजेत. जागेचा ताबा मिळाल्याची आणि ओटा-शेड तयार झाल्याची नोंद झाल्याशिवाय कार्यादेश द्यायचा नाही. ज्या वॉर्डात गाडी सलग दोन महिने फिरली त्याच वॉर्डाला शुल्क लागू होईल, आधी नाही. आणि सुरुवात दोन वॉर्डांपासून, त्यातला एक लेआउटचा आणि दुसरा घरकुलांचा. मुख्याधिकारी पोळ्याच्या आसपास उद्घाटन करायचं म्हणतील. ऐकू नका, तेव्हा रस्ते चिखलाचे आणि ओटा ओला असतो. संक्रांतीनंतरची तारीख घ्या. रस्ते कोरडे असतात, ढीग नीट लागतात, आणि मे महिन्याच्या आत कुठली गल्ली सुटते आणि कुठे गाडी वळत नाही ते कळून मार्ग बदलता येतो.